हवा की हवी

सकाळच्या त्या वेळेला आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. गॅसवर दूध ठेवलेलं असतं, ओट्यावर डबे तोंड उघडून बसलेले असतात आणि लेकीचा एक मोजा पायात, तर दुसरा बेपत्ता असतो. त्या दिवशी आमचे हे आरशासमोर उभे राहून "माझा चष्मा कुठे ठेवलास?" असं मलाच विचारत होते. चष्मा डोक्यावर होता. मी म्हटलं, "आधी डोकं शोधा, चष्मा आपोआप सापडेल." तेवढ्यात दारावर टकटक झाली.

बेल असताना दार वाजवणारं आमच्या इमारतीत एकच माणूस आहे, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणाऱ्या टेलरकाकू. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची धातूची टोपी त्या घरीही काढायला विसरतात. त्यामुळे त्यांची टकटक मला झोपेतसुद्धा ओळखू येते.

दार उघडलं तर काकू हातात अस्तराच्या कापडाचं एक गाठोडं धरून उभ्या. तान्हं मूल धरावं तसं दोन्ही हातांनी.

"दोन मिनिटं आहेत का तुला?"

"काकू, सकाळी आठला बाईमाणसाला दोन मिनिटं?"

"मग एकच दे," म्हणत त्या आत आल्या आणि डब्यांच्या मधोमध त्यांनी गाठोडं सोडलं. आत तळहाताएवढे काचेचे तीन तुकडे होते. "न्हाणीघराच्या दाराला यातली एक काच बसवायचीय. मला फक्त एवढं सांग, यातून माणूस किती दिसतो?"

त्यांनी पहिला तुकडा डोळ्यासमोर धरला आणि बनियनवर उभ्या असलेल्या आमच्या ह्यांच्याकडे रोखून पाहिलं. "साहेब, जरा मागे सरका. आणखी. हं, आता खाली वाका, पडल्यासारखं करा." हे बिचारे खरंच वाकले. चष्मा डोक्यावरून खाली पडला, लेक हसायला लागली आणि दूध उतू गेलं.

टेलरकाकूंचं दुकान आमच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. या भागातल्या दोन पिढ्यांच्या बायकांची मापं काकूंना तोंडपाठ आहेत. बारीक झाल्याची बढाई त्यांच्यासमोर कुणी मारू शकत नाही. नुसतं बघतात आणि म्हणतात, "खांद्यात उतरलीस, कंबर आहे तिथेच आहे." दुकानात मशीन त्यांचं, कात्री त्यांची आणि जीभही त्यांचीच. काकांकडे काजं-बटणं, हूक आणि इस्त्री. काका कमी बोलायचे, पण बोलले की समोरच्याला घरी पोचल्यावर हसू यायचं.

कपडे घालून बघायची खोली म्हणजे दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावून केलेला कोपरा. काकांचं स्टूल त्या पडद्याकडे पाठ करून ठेवलेलं असायचं. सगळी वर्षं ते तसंच होतं. पडद्याबाहेर येऊन एखादी म्हणायची, "काका, कसा झालाय?" काका बटणावरची नजर न उचलता म्हणायचे, "छान." "अहो, वळून बघा तरी!" "बघायचं काम हिचं. माझं काम बटणांचं." बायका हसायच्या. पण वयात आलेल्या लेकींना आया निर्धास्त तिथे एकट्या पाठवायच्या, त्याचं कारण ते स्टूल होतं. त्या कोपऱ्याला मागच्या बोळाकडे उघडणारी एक लहानशी खिडकी होती. दुकान घेतल्यावर काकांनी पहिलं काम काय केलं, तर त्या खिडकीची काच बदलून घेतली. दुकानाच्या नावाची पाटी नंतर लागली.

मागच्या वर्षी काकांना झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं अडलं. शब्द नाहीसे झाले नव्हते, पण फार लांबून चालत यायचे. सकाळी विचारलं "चहा टाकू का?" तर चहा पिऊन, कप धुऊन झाल्यावर ते "टाक" म्हणायचे. भेटायला आलेला माणूस "कसं वाटतंय?" विचारून, बसून, निघून गेला की बंद दाराकडे बघून सांगायचे, "बरंय." काकू म्हणायच्या, "यांची उत्तरं पोस्टानं येतात." त्या हे हसून सांगायच्या, आणि काकाही हसायचे. त्या विनोदावरचं त्यांचं हसूसुद्धा थोडं उशिराच यायचं.

न्हाणीघराचं काम निघालं ते या उशिरामुळेच. त्यांच्याकडे जुना टब होता, त्याला उंच काठ आणि प्लॅस्टिकचा पडदा. एकदा काकू स्वयंपाकघरात मिक्सर लावून उभ्या असताना काका काठ ओलांडताना पडले. कपाळाला खोक पडली. पण "अगं" ही हाक तोंडातून बाहेर यायलाच किती वेळ गेला कोण जाणे! मिक्सर बंद झाला, काकूंनी चटणी काढून भांडं विसळलं, आणि मग ती हाक आली. तोवर ते थंड पाण्यात पडून होते.

त्या दिवसापासून काकूंनी मिक्सर लावणं सोडलं. दूर राहणाऱ्या मुलानं फोनवरून फर्मान काढलं, टब काढा, सपाट फरशी घाला, भिंतीला धरायला दांडे लावा आणि पडद्याऐवजी काचेचं दार बसवा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं, म्हणजे आत कुणी पडलं तरी अडकणार नाही. हे सगळं ठरलं. राहिली ती काच.

"ही मलमल," त्या सकाळी मधला तुकडा दाखवत काकू मला म्हणाल्या. तिच्यावर धुकं धरल्यासारखं होतं. "माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते नाही. ही रेघांची, म्हणजे कॉर्डुरॉय. हिच्यातून तुझा नवरा चार तुकड्यांत दिसतो. आणि ही अगदी साधी, नेसली न नेसली सारखीच." काचवाल्यानं त्यांना तिन्हींची इंग्रजी नावं सांगितली होती. ती त्यांनी त्याच्याच दुकानात ठेवून दिली आणि घरी येताना कापडाची नावं दिली. त्यांच्या घरात आणि माझ्याही घरात मग तीच चालली.

"तुम्हाला कुठली आवडते?" मी विचारलं.

"दिसायला मलमल. पण मला दिसायला नकोय गं, मला ते दिसायला हवेत. पडल्यावर हाक यायची वाट बघत बसू?"

"काकांना विचारलंत का?"

"आत्ता वर जाऊन विचारते. चल, तूही ये."

डबे ह्यांच्या हवाली करून मी वर गेले. काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. काकूंनी तिन्ही तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवले. "अहो, आंघोळीच्या दाराला कुठली काच लावू? नीट बघून सांगा." काकांनी डाव्या हातानं एकेक तुकडा उचलला. मलमलीवरून अंगठा फिरवला. कापडाचा पोत बघताना फिरवायचे तसाच. मग आमच्याकडे बघत राहिले. ओठ थोडे हलले.

आम्ही थांबलो. खरंच थांबलो. काकूंनी चहा केला, तो पिऊन झाला. मुलाचा फोन आला, तो म्हणाला, "आई, यात विचारायचं काय? साधीच घे. आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे." काकूंनी आणखी एकदा काकांकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि काचवाल्याला फोन लावला. "साधी," त्या म्हणाल्या. "स्वच्छ दिसेल अशी."

जेवायला बसल्यावर काका म्हणाले, "दुधी."

काकूंना इतका आनंद झाला की त्या जिना उतरून मला सांगायला आल्या. "अगं, यांनी आपण होऊन मागितलं! दुधी म्हणाले, दुधी!" जन्मभर दुधीभोपळ्याला 'पाण्याची भाजी' म्हणून नावं ठेवणारा माणूस, ताटात दिसला तरी ताट फिरवून घेणारा, त्यानं दुधी मागावा? मी म्हटलं, "आजारानं चव बदलते हो." संध्याकाळी बाजारातून कोवळा दुधी मीच आणून दिला.

मग वरच्या मजल्यावर दुधीचं राज्य सुरू झालं. भाजी झाली, सूप झालं, किसून डाळीत गेला. काका खायचे. तोंड कडू करून, पण संपवायचे. आणि घास गिळून पुन्हा म्हणायचे, "दुधी." काकू म्हणायच्या, "अहो, घातलाय की ताटात! डोळे उघडून बघा." एकदा तर त्यांनी न्हाणीघराकडे बोट करून दुधी म्हटलं. तिथे काचवाल्याची माणसं माप घेत होती. काकूंना वाटलं, पोट बिघडलं. दोन दिवस मऊ भात दिला आणि पुन्हा दुधी.

एका दुपारी मी तिथेच होते. काकू भरवत होत्या. काकांनी चमचा हातानं बाजूला केला, मान ताठ केली, कपाळाची शीर फुगली, आणि मोठ्या कष्टानं दोन शब्द एकापाठोपाठ बाहेर आले. "दुधी... हवी."

झटक्यानंतर पहिल्यांदाच ते दोन शब्द जोडून बोलले होते. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि लाडानं, शाळेतल्या पोराला शिकवावं तशा त्या म्हणाल्या, "हवी नाही हो, हवा. दुधी हवा. म्हणा बघू!" मीही हसले. काका आम्हां दोघींकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं आणि चमचा आत घेतला.

काच बसली. फार सुंदर बसली, कुणीही म्हणेल. नवी फरशी, पांढऱ्या भिंती, चकचकीत दांडे, आणि मध्ये काच आहे हेसुद्धा कळू नये इतकी नितळ काच. काकूंनी दुकानातलं काकांचं जुनं स्टूल दाराबाहेर ठेवलं. काका आंघोळीला गेले की त्या स्टुलावर बसून हातशिलाई करायच्या. एक टाका, एक नजर.

पण काकांचं काहीतरी बिनसलं. पहिल्या दिवशी ते काचेच्या आत गेले आणि तसेच उभे राहिले, अंगात सदरा, पायजमा. काकू बाहेरून खुणा करताहेत, "काढा, काढा की!" त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी नळ सोडला. पुढे रोज तसंच. पाठ काचेकडे, तोंड भिंतीकडे, आणि अंगावर चिकटलेला ओला सदरा. काकू वैतागायच्या. "अहो, मी काय परकी आहे? इतक्या वर्षांत कधी पाहिलं नाही का तुम्हाला?" आणि मला जिन्यात गाठून सांगायच्या, "डोक्यावर परिणाम होतोय गं आता. कपडे काढायचे असतात हेच विसरले." हळूहळू काका आंघोळीलाच नाही म्हणायला लागले. मान हलवायला मात्र त्यांना उशीर लागायचा नाही.

मग दुसरा झटका आला.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा काका पलंगावरच होते, आणि पुढे पलंगावरच राहणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जेवण नाकातल्या नळीनं. शब्द एकही नाही. डोळे मात्र जागे, माणूस ओळखणारे. अंग पुसायला काकू ओला टॉवेल घेऊन बसतात. तेव्हाही आधी चादर वर ओढतात आणि चादरीखाली हात घालून पुसतात. हे त्या पहिल्या दिवसापासूनच करत होत्या, कुणी न सांगता. म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

काकांच्या पलंगावरचा दिवा फार भगभगीत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. काकू म्हणाल्या, "जाशील तेव्हा एखादा मऊ उजेडाचा बल्ब आणशील?" कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदारानं विचारलं, "साधा की दुधी?" मी दुधी म्हटलं. पिशवीत टाकला, जिना चढले आणि दारातूनच हाक दिली, "काकू, दुधी आणलाय हो!"

आतून काकू चिडूनच बाहेर आल्या. "आता दुधी कशाला आणलास? नळीतून काय दुधी..."

मी बल्ब पुढे केला होता. पांढरा, धुकट, आतली तार न दिसणारा.

काकूंनी तो हातात घेतला. बोटातली टोपी काचेला लागून टिक् असा आवाज झाला. त्या बल्बकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. दोघींच्या डोक्यात एकाच वेळी तेच चाललं होतं. काकू तिथेच जमिनीवर बसल्या.

"दुकानातल्या खिडकीला," त्या म्हणाल्या, "यांनीच लावली होती. तेव्हा म्हणाले होते, आधी दुधी काच, मग पाटी. दुधीच म्हणाले होते गं. मी मलमल मलमल करत बसले."

मी म्हटलं, "काकू, तुम्हाला कसं कळणार? उत्तर इतक्या उशिरा आलं."

"उशिरा येतं हे मला माहीत नव्हतं? जगाला मीच सांगत होते ना?" त्यांनी बल्ब हातात फिरवला. "हवी म्हणाले होते. काच हवी. बरोबर बोलले होते गं! मी... मी त्यांना सुधारलं."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. आत पलंगावर काका छताकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी काचवाल्याला बोलावलं. दार बदलावं लागेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "दार कशाला बदलायचं? वरून चिकटपट्टीचा कागद येतो, लावला की दुधी दिसते. सगळीला नको असेल तर मधल्या भागाला लावू. डोकं दिसेल, पाय दिसतील."

"एवढंच?" काकू म्हणाल्या.

"एवढंच. चहा होईपर्यंत लावतो."

काकूंनी खडू घेतला, शिवणाचा, आणि काचेवर दोन रेघा मारल्या. एक खांद्याशी, एक गुडघ्याखाली. काकांचं माप बघायला त्यांना टेप लागली नाही. काचवाला गेल्यावर त्या कितीतरी वेळ स्टुलावर बसून होत्या, पण काचेकडे पाठ करून.

मग आत गेल्या, काकांच्या उशाशी वाकल्या आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "अहो, काच दुधी केली. तुम्ही सांगितली होतीत तशी. मला कळायला उशीर झाला. रागावलात का माझ्यावर?"

काकांचे डोळे काकूंवर होते. ओठ हलले असं मला वाटलं, काकूंना तर खात्रीच वाटली.

तेव्हापासून काकू त्या खोलीतून हलत नाहीत. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, डॉक्टर म्हणाले ना, आता बोलणार नाहीत." काकू म्हणतात, "डॉक्टरांना काय ठाऊक, यांचं पोस्ट कसं चालतं ते." भाजी मी आणून देते, डबा आमच्या घरून जातो. दुधी मी आता बाजारातही हातात घेत नाही. काकू पलंगाजवळ खुर्ची लावून बसतात, हातात शिवण असतं, पण टाका पुढे जात नाही. उत्तर आलं आणि आपण ओट्याशी असलो तर, या धास्तीनं त्या जेवण खोलीतच उरकतात. आंघोळ तर घाईघाईत दोन तांबे पाणी, दार उघडं ठेवून.

आज सकाळी पुन्हा टकटक झाली. लेकीचा मोजा अर्धा पायात होता. दार उघडलं तर काकू उभ्या, केस विस्कटलेले, खांद्यावर टॉवेल. दोन मजल्यांच्या मधल्या जिन्याकडे मान वळवून, वरून काही ऐकू येतंय का बघत होत्या.

"वर येतेस? डोक्यावरून पाणी घेईन म्हणते, फार दिवसांत घेतलं नाही. तोवर यांच्याजवळ बस."

मी गॅस बंद केला, हात पुसले. आमचे हे काही न विचारता मोजा शोधायला खाली वाकले. जिन्यात काकूंनी माझं मनगट धरलं. बोटातली टोपी गार लागली.

"एकच कर माझं," त्या म्हणाल्या. "मी आत असताना ते काही बोलले, तर जसंच्या तसं सांग मला. हवा म्हणाले तर हवा, हवी म्हणाले तर हवी. तू सुधारू नकोस."